तुळशीच्या अंगणातली आंबुटी



ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि सर्वांभूती भगवंत पाहावा असे जो रोज ऐकतो, त्याने तण उपटावे की उपटू नये? उपटावे म्हणावे, तर त्या तणातल्या भगवंताचे काय? उपटू नये म्हणावे, तर शेत पिकायचे कसे आणि पंढरीच्या वाटेवर शिदोरी बांधायची कशाची? कीर्तन संपल्यावर पाया पडायला आलेल्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न मला बऱ्याच वेळा विचारला आहे. विचारताना ते हसतात, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या संप्रदायात ज्या हातात संध्याकाळी टाळ असतो, त्याच हातात सकाळी खुरपे असते. त्या दोहोंचे भांडण असेल तर ते मिटवले पाहिजे, आणि भांडण नसेलच तर का नाही ते समजून घेतले पाहिजे.

प्रश्न मोठा आहे, म्हणून तो आधी अंगणाएवढ्या जागेत आणून पाहू. मी राहतो ते किकवी, भोर तालुक्यातले, पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. दारात तुळशीवृंदावन आहे, त्याच्या कडेने जमिनीतही चार तुळशी आहेत, आणि भोवती दूर्वा लावलेली आहे. दूर्वा असली की पावसात माती धुपून जात नाही, अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या पायाला चिखल लागत नाही आणि चतुर्थीला गणपतीच्या जुड्यांसाठी लांब जावे लागत नाही. आषाढीची वारी करून माणूस घरी येतो, तोवर या दूर्वेत आंबुटी शिरलेली असते. तिला कोणी आंबुशी म्हणतात. वैद्यांच्या पोथीत तिचे नाव चांगेरी. एका देठावर तीन पाने, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचे, फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे. सांजवेळ झाली की ती पाने मिटून घेते. तिची शेंग म्हणजे बोटाच्या पेराहून लहान, उभी भेंडीच. पिकली की नुसता हात लागला तरी फुटते आणि बी दूरवर उडवते. वेल जमिनीसरपट पळतो आणि पेरापेराला मूळ धरतो. वरून ओढली तर पाने हातात येतात, मूळ जागच्या जागी राहते, आणि आठ दिवसांत आंबुटी पुन्हा हजर.

शहरातून आलेली मंडळी तीन पाने पाहून हिला क्लोव्हर म्हणतात. क्लोव्हर ही वेगळी वनस्पती, मेथीच्या कुळातली. आपल्याकडे जनावरांना बरसीम घालतात, ती तिचीच बहीण. पण हिरवळीत नको असताना उगवते म्हणून तिकडे क्लोव्हरची जी तक्रार असते, तीच इकडे आंबुटीची असते.

आता पहिली शंका घेऊ. तण म्हणजे काय? आंबुटीला तण म्हणावे, तर ती औषधी आहे. पोटाच्या तक्रारींवर वैद्य चांगेरी घृत देतात. हिच्या आंबट पाल्याने पूजेचे ताम्हन आणि समई घासली तर पितळ लखलखते. कोवळ्या पाल्याची चटणी होते. मात्र मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने ती खाऊ नये. उलट जिला आपण देवाला वाहतो ती दूर्वा म्हणजेच शेतातली हरळी. उसात किंवा भुईमुगात हरळी शिरली तर शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तिच्यासारखे चिवट तण दुसरे नाही. नांगरटीनंतर तिच्या काशा वेचून बांधावर टाकाव्या लागतात आणि एक काशी राहिली तरी रान पुन्हा भरते. एकच वनस्पती अंगणात पूजेची आणि रानात वैराची. आणि तुळस? तिच्या मंजिऱ्यांचे बी वाऱ्याने पसरते आणि कांद्याच्या वाफ्यात तुळशीची रोपे उगवतात. तिथे वारकऱ्यालाही ती काढावीच लागतात.

म्हणजे तणपण हे वनस्पतीच्या अंगात नसते. ती कुठे उगवली आणि ती जागा आपण कशासाठी राखली आहे, यावरून ते ठरते. देवाने तण म्हणून वेगळे काही निर्माण केलेले नाही. तण हा शब्द आपला आहे, आपल्या गरजेचा आहे. 'तण खाई धन' ही म्हण खरी आहे, पण ती शेतकऱ्याच्या बाजूने केलेली म्हण आहे हे विसरू नये.

दुसरी शंका. मग संतांनी काय केले? येथे दोन चित्रे समोर येतात. तुकोबारायांची कथा आपण ऐकलेली आहे. त्यांना शेत राखायला बसवले. पाखरे कणसांवर उतरली. त्यांचीही भूक खरी आहे, हे पाहून महाराजांना त्यांना हाकलवेना. दुसरे चित्र सावतोबांचे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात अरण हे त्यांचे गाव. शके १२१७ मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीला, तिथेच त्यांनी देह ठेवला. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातल्या भाजीतच त्यांनी विठाई पाहिली, असे आपण कीर्तनातून सांगतो. आता ज्याच्या मळ्यात भाजी पिकते, त्याच्या हातात खुरपे असणारच. खुरपल्याशिवाय मुळा पोसत नाही आणि कांदा भरत नाही. सावतोबांना भाजीत विठ्ठल दिसला, मग तणात दिसला नसेल का? दिसला असणारच. तरी खुरपे चालले असणार.

एकाने पाखरू हाकलले नाही, दुसऱ्याने तण काढले. दोघेही आपले. यात विरोध वाटतो तो वरवरचा आहे. तुकोबांनी आपल्याकडून होणारी इजा टाळली. सावतोबांनी स्वीकारलेले काम निभावले. इजा टाळणे आणि काम निभावणे या दोन्ही गोष्टी एकाच हाताने कशा करायच्या, हा आपला खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मला आंबुटीनेच दिले. माझा नातू शेतकीचे शिक्षण घेतो. मला गुडघ्यांमुळे बसवत नाही हे पाहून तो म्हणाला, "आबा, कशाला खुरपत बसता? रुंद पानाच्या तणाचे औषध येते, टू-फोर-डी. फवारले की आंबुटी मरेल आणि दूर्वेला काही होणार नाही." बोलणे चुकीचे नव्हते. ते औषध उसात आणि मक्यात वापरतात, कारण ऊस, मका, दूर्वा ही सगळी गवताच्या कुळातली. त्यांना ते सहसा इजा करत नाही. रुंद पानाची झाडे मात्र मरतात. मी एवढेच विचारले, "आणि तुळस?" तो थांबला. तुळसही रुंद पानाचीच. औषधाला आंबुटी आणि तुळस यांतला फरक कळत नाही. ते पानाची जात पाहते आणि मारते. वाऱ्याने चार थेंब उडून शेजारच्या टोमॅटोवर गेले, तर त्याचीही पाने पिळवटून जातात.

मग त्यानेच मला पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. इंग्लंड-अमेरिकेत पूर्वी घरापुढच्या हिरवळीसाठी गवताच्या बियाण्यात क्लोव्हरचे बी मुद्दाम मिसळत असत. तिच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतून हवेतला नत्र जमिनीला मिळतो आणि शेजारचे गवत पोसले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे रुंद पानाचे औषध घरोघरी गेले. ते फवारल्यावर गवत राहिले आणि क्लोव्हर गेली, कारण औषधाला तिला वगळता येत नव्हते. पुढे लोकांनी तिलाच तण म्हणायला सुरुवात केली. वाचक माउली, आधी तण ठरवले आणि मग मारले असे येथे झाले नाही. हत्यार तिला वाचवू शकत नव्हते, म्हणून तिला तण ठरवले गेले. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

चार एकर रान आहे, मजूर मिळत नाही, पाऊस उघडीप देत नाही, अशा शेतकऱ्याने औषध मारले तर त्याला बोल लावायला मी बसलेलो नाही. त्याची अडचण त्याला ठाऊक. मी औषधाची गोष्ट सांगतो ती त्याच्या स्वभावासाठी. उभ्याने, लांबून, पानाच्या जातीवरून निवाडा करणे हा त्याचा स्वभाव आहे. खुरप्याचा स्वभाव उलटा. खुरपे धरायचे तर वाकावे लागते, आणि वाकले की दिसते.

भांगलणीला बसलेल्या बायका पाहा. पात धरून ओळीने पुढे सरकतात, तोंडाने ओवी चालू असते, आणि हात मात्र चुकत नाही. आमच्या भोर-वेल्ह्याच्या भातखाचरात एक गवत उगवते. लहानपणी ते हुबेहूब भाताच्या रोपासारखे दिसते. बांधावरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच. जाणती बाई रोप हातात धरते आणि पान जिथे खोडाला मिळते ती जागा बघते. भाताला तिथे एक पातळ, पांढुरकी जिभली असते. त्या गवताला ती नसते. एवढ्याशा खुणेवर ती ठेवायचे कोणते आणि काढायचे कोणते ते ठरवते. विवेक या शब्दावर मी आयुष्यभर निरूपणे केली. त्याचा याहून चांगला दृष्टान्त मला सापडलेला नाही. विवेक म्हणजे वेगळे करून जाणणे, आणि ते लांबून होत नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात 'अहिंसा' या एका पदावर माउलींनी ओव्यांमागून ओव्या सांगितल्या आहेत. आधी ते खोटी अहिंसा दाखवतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचेच कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याला घालायचे, असा तो प्रकार. मग खऱ्या अहिंसकाचे चालणे वर्णितात. तो पाऊल टाकतो तेही खालच्या जिवाला धक्का लागू नये असे बेताने, कमळाच्या केसरावर भ्रमर पाय ठेवतो तसे. लक्षात घ्या, माउली त्याला चालू नको म्हणत नाहीत. चालताना लक्ष कुठे असावे ते सांगतात. चालायचे आहेच, पेरायचे आहेच, खुरपायचेही आहे. खाली काय आहे हे पाहून पाऊल टाकणे, एवढे आपल्या हातात आहे.

येथवर गोष्ट अंगणाची आणि शेताची झाली. पण तण काढायची आपली सवय अंगणात थांबत नाही. ती माणसांवर येते, आणि खरे भय तिथे आहे.

आळंदीच्या चार लेकरांना समाजाने 'संन्याशाची पोरे' म्हणून बाहेर टाकले. कोणी वाकून पाहिले नाही की निवृत्तिनाथ कोण, ज्ञानदेव कोण, सोपानदेव कोण, मुक्ताई कोण. कुळावरून निवाडा झाला आणि चौघे एकदम निकालात निघाले. चोखोबांना मंदिराबाहेर ठेवले ते चोखोबांचे काही पाहून नव्हे. पानाची जात पाहिली आणि फवारले. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा आणि त्यांच्याबरोबर काम करणारे ढिगाऱ्याखाली गेले. परंपरा सांगते, नामदेवराय तिथे गेले आणि त्यांनी एकेक अस्थी उचलून कानाशी नेली. जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची. ज्याला जिवंतपणी कोणी जवळून पाहिले नाही, त्याची हाडेसुद्धा नामदेवरायांनी जवळून ओळखली. म्हणून महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तरीही त्या दाराच्या आत चोखोबांच्या लोकांना जायला शतके लागली. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण मांडले, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. नामदेवरायांचे उदाहरण पायरीपाशीच होते, आणि आपण त्याला वंदन करूनच आत जात होतो. हे आपल्या संप्रदायाने विसरू नये.

आजही हे घडते, लहान प्रमाणात. एका गावच्या सप्ताहात मंडळींनी नियम केला की दारू पिताना सापडलेल्या माणसाला पुन्हा कधीही टाळकऱ्यांत उभे करायचे नाही. हेतू चांगला होता. सप्ताहाची शिस्त राखलीच पाहिजे. पण त्या नियमात असा एक गृहस्थ सापडला, ज्याने दारू सोडून दोन वर्षे झाली होती, माळ घातली होती, आणि जो रोज काकड्याला येऊन बाहेरच्या खांबाशी बसत असे. नियमाला काल पिणारा आणि दोन वर्षांपूर्वी सोडलेला यांतला फरक कळत नव्हता. तिथल्या वृद्ध विणेकऱ्यांनी काही दिवस त्या माणसाशेजारी बसून काकडा केला, त्याच्या घरी जाऊन आले, आणि मग मंडळींना सांगितले, "याला टाळ द्या. मी पाहिले आहे." त्याच गावात चांगल्या घरचा, माळकरी, सर्वांच्या पुढे उभा राहणारा एक जण वर्गणीच्या पैशात हात घालत होता. त्याला कोणत्याच नियमाने पकडले नव्हते. तेही विणेकऱ्यांच्याच लक्षात आले. त्यांनी चार लोकांत त्याची शोभा केली नाही. हिशेबाची वही त्याच्याकडून काढून घेतली आणि पंगतीत पाणी वाढायचे काम दिले. कांद्याच्या वाफ्यातले तुळशीचे रोप उपटून फेकत नाहीत, मुळासकट उचलून वृंदावनाशी लावतात. तसेच हे झाले.

यावर कोणी म्हणेल, बुवा, सगळेच असे सुधारत नाहीत. काही वेळा माणसाला दूर करावेच लागते. मान्य आहे. लहान मुलांना इजा करणारा, दुबळ्याला लुबाडणारा, याला जागा सोडायला लावणे हे कर्तव्य आहे, तिथे भूतदयेचे नाव सांगून गप्प बसणे म्हणजे फांद्या तोडून बुंध्याला कुंपण घालणे. पण तेव्हाही तीन गोष्टी पाळाव्यात. त्याने काय केले हे स्वतः जवळून पाहावे. जेवढे घातक आहे तेवढेच काढावे, त्याच्या शेजारच्यांना, घरच्यांना, जातीला त्यात ओढू नये. आणि मनात द्वेष ठेवू नये. आंबुटी उपटणारा आंबुटीचा वैरी नसतो. उपटून झाल्यावर तिनेच देवाची समई घासतो.

आता राहिले मनातले तण. काम, क्रोध, मत्सर यांचे निरूपण आपण नेहमी ऐकता, ते पुन्हा सांगत नाही. फक्त आंबुटीने शिकवलेली एक गोष्ट सांगतो. घट्ट दूर्वेत आंबुटी सहसा शिरत नाही. जिथे दूर्वा विरळ झाली, माती उघडी पडली, तिथे ती बसते. म्हणून नुसती उपटत राहिलो तर काम संपत नाही, कारण उपटलेली जागा पुन्हा उघडीच राहते. उपटलेल्या जागी लगेच दूर्वेची काडी खोवावी लागते. मनाचेही असेच आहे. मत्सर काढला आणि जागा रिकामी ठेवली, तर दुसऱ्या दिवशी अहंकार तिथे बसतो, आणि तो म्हणतो, मी मत्सर जिंकला. त्या जागी नाम लावावे. संतांनी नामावर एवढा भर दिला त्याचे एक कारण मला हे वाटते. नामाची हिरवळ दाट झाली की उपटायचे काम आपोआप कमी होते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. वारकऱ्याने तण उपटावे. पाऊस पडून माती मऊ झाली असेल त्या दिवशी, शेंगा पिकायच्या आत, पेरापेराचे मूळ हलक्या हाताने सोडवून उपटावे. उपटलेले तिथेच टाकू नये, कारण त्यातली कच्ची शेंगही पिकून बी उडवू शकते. उपयोगाला येईल ते घरात न्यावे, उरलेले खड्ड्यात कुजवावे, म्हणजे त्याचेही खत होऊन तुळशीला पोचेल. आणि हे सगळे स्वतः वाकून करावे. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे कुरकुरतात त्यांनी पाट घेऊन बसावे आणि घरातल्या मुलांना शेजारी बसवावे. तुळस कोणती आणि आंबुटी कोणती हे त्यांच्या बोटांना लहानपणीच कळू द्यावे. ती पुढे मोठी होतील, कोणी सप्ताहाच्या मंडळात बसेल, कोणी पंचायतीत, कोणी शाळेत, आणि कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवायची वेळ त्यांच्यावर येईल. त्या वेळी लांबून पानाची जात न बघता त्यांनी उठून जवळ जावे, वाकावे आणि पाहावे, एवढेच मागणे पांडुरंगापाशी आहे.

रामकृष्ण हरी.